कॅसेटमध्ये मेलेली माय

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक मी एवढा धीट होऊन लिहायला बसलो आहे. मावशीची हिवरखेडहून पत्रं यायची ती तू माझ्याकडून वाचून घ्यायचीस आणि मी वाचीन ते खरं मानायचीस. कंटाळा आला की मी मधल्या दोन-चार ओळी गाळायचो. हेही आज सांगून टाकतो, कारण सांगायचं ठरवलंच आहे तर लहानापासून सुरुवात केलेली बरी. मी आता अकोल्यात असतो. पन्नाशी आली. माझं मोबाइल आणि साउंडचं दुकान आहे, आणि त्यात एक काम असं आहे की ते बघून तू पोट धरून हसली असतीस. हल्ली भाजीवाले ओरडत नाहीत. गाड्यावर भोंगा लावतात आणि त्यात भरलेला आवाज दिवसभर ओरडतो. तो आवाज मी भरून देतो. ‘ताजी मेथी, ताजी पालक’ म्हणत अर्ध्या अकोल्यात जो फिरतो ना, तो तुझा पोरगा. तू जन्मभर घसा फोडून जे केलंस, ते मी खुर्चीवर बसून एकदाच करतो.

गेल्या महिन्यात एका पोरीचा फोन आला. कॉलेजात शिकते, जुनी गाणी गोळा करायचं वेड आहे तिला. म्हणाली, “काका, तुमची कॅसेट सापडली मले. वऱ्हाडीतलं असं रॅप त्या टायमाले दुसऱ्या कोनी केलंच नसन. तुमाले मालूम हाये काय, तुमी काय करून ठेवलं ते?” मी म्हटलं, “मालूम हाये बाई.” तिला वाटलं मी विनयाने बोलतो आहे.

तुला आठवतंच. कॉलेजात नापास होऊन मी अमरावतीला घरी बसलो होतो, आणि माझ्या दोस्ताच्या भावाने गल्फमधून दोन इंग्रजी कॅसेटी आणल्या होत्या. त्यातले काळे गायक काय बोलतात ते आम्हाला दहातलं एक कळायचं, पण राग पूर्ण कळायचा. आम्ही ठरवलं, आपणही असंच करायचं, आपल्या बोलीत. अडचण एवढीच होती की आम्ही गुंड नव्हतो. दोस्त लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचा आणि मी सकाळी तुझ्याबरोबर भातकुलीच्या रस्त्यावरच्या आपल्या वाडीतून वांगी तोडून बाजारात पोचवायचो. घरात हत्यार म्हणून एकच गोष्ट होती, तुझा कोहळं कापायचा सुरा. कव्हरच्या फोटोत छाती काढून मी तोच धरला आहे. फोटो काढून आलो तेव्हा तू म्हणालीस, “झालं काय तुमचं? मंग धुऊन ठेव तो सुरा, मले बजारात न्याचा हाये.” भर दुपारी टोपी उलटी घालून मी सुरा धूत बसलो होतो, माय. असले आम्ही डॉन.

सगळी गाणी अकोल्यात भजनाच्या कॅसेटी काढणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे भरली. एकच राहिलं, कारण त्या दिवशी लाइट गेली ती आलीच नाही. ते गाणं आम्ही दुसऱ्या दिवशी आपल्या ओट्यावर, सेलवरच्या टेपमध्ये भरलं आणि म्हाताऱ्याला नेऊन दिलं. तू आत चुलीपाशी भाकरी थापत होतीस. दाराला पडदा होता, दार नव्हतं. गाणं भरून झाल्यावर आम्ही जेवायला बसलो तर एक भाकर करपलेली निघाली. तुझ्या हातची करपलेली भाकर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि दोस्तासमोर मोठ्याने हसलो. “माय, म्हातारी झाली वो तू,” असं काहीतरी बोललो. तू ती आपल्या ताटात ओढून घेतलीस.

त्या गाण्यात ती ओळ होती. ‘माय माही मेली बिनादवाईची, तवापासून सुरी हाये बिनाम्यानाची.’ गुंडाला काहीतरी दुःख हवं, त्याशिवाय तो गुंड का झाला ते लोकांना पटत नाही, असं मला त्या वयात फार कळायचं. बाप खरंच लहानपणी गेला होता, पण त्याच्यावर जमत नव्हतं, बाप शब्द त्या ओळीत बसेना. तू बसलीस. धडधाकट, चाळीस किलोचं पोतं डोक्यावर घेऊन चालणारी तू, औषधाविना मेलीस.

कॅसेट काही चालली नाही. पानटपऱ्यांवर थोडे दिवस वाजली, मग खोकी तुझ्या पलंगाखाली गेली. पण एक कॅसेट मी मोठ्या तोऱ्यात हिवरखेडला पाठवली होती. मावशीच्या शेजारच्या शिंप्याने ती लावली, आणि मावशीने दारातून ऐकलं की तिचा भाचा स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, माझी माय मेली. तिला कोण समजावणार की ते गाणं आहे? जित्या आईबद्दल असं कोणी तोंडातून काढतं, हे तिच्या जगात नव्हतंच. लेक रडतो आहे, बहिणीला कोणी कळवलंही नाही, एवढंच तिला समजलं. तुझ्या माहेरचं ती एकटीच उरली होती. तिने तिथल्या तिथे पिठलं-भाकरी करून फडक्यात बांधल्या, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, म्हणून उसन्या पैशांनी लुगडं घेतलं. दोन एसट्या बदलून ती अमरावतीला आली आणि गल्लीच्या तोंडापासूनच तिने गळा काढला. “गेली वो माही बहीण! मले तोंडही नाही दाखवलं वो!”

तू ओट्यावर मेथी निवडत बसली होतीस.

सगळी गल्ली हसली, तूही हसलीस, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मावशी तुझे हात चाचपून बघत होती आणि मला शिव्या घालत होती. “जित्या मायीले तोंडानं मारते काय रे कोनी?” तू तिला पाणी दिलंस आणि म्हणालीस, “राहू दे वो. खोट्या मरनानं उमर वाढते म्हनतात. सोड ते फडकं, आता माह्या मरनाची भाकर मीच खातो.” आणि खाल्लीस, खरंच, आम्हा सगळ्यांना वाढून. लुगडंही दुसऱ्या दिवशी नेसलीस. बाजारात बायांना सांगत सुटलीस, मरायच्या आधीच माहेरचं लुगडं भेटलेली बाई मीच एकटी.

पण त्या संध्याकाळी मावशी आत पडली होती, तेव्हा तू मला हळूच विचारलंस, “काहून मारलं रे मले?” तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. मी म्हणालो, “म्या नाही लिहिलं ते. दोस्तानं लिहिलं. म्या फक्त म्हटलं.” तू “हं” म्हणालीस आणि कंदिलाची काच पुसायला घेतलीस.

त्यानंतर मी धास्तावून होतो की दोस्त जेवायला आला की तू त्याला काहीतरी बोलशील आणि माझं बिंग फुटेल. तसं काही झालं नाही. उलट तू त्याला आधीपेक्षा जास्त वाढायला लागलीस. “घे राजा, अजून घे.” मला वाटलं, माझ्या मायीचं मन मोठं आहे, तिने त्याला माफ केलं. मला मात्र तू राजा म्हणायचं बंद केलंस. मी समजलो, मी मोठा झालो म्हणून. एवढी वर्षं मी असंच समजत होतो.

मग तीन-चार वर्षांनी तू खरंच गेलीस. बाजारात, बसल्या जागी, गिऱ्हाइकाला गवार देता देता. मी शिंप्याकडे फोन लावला, मावशीला बोलावून घेतलं. “मावशी, माय गेली.”  मग ती म्हणाली, “एकडाव फसली म्या. आता नाही फसत. दुसरी कॅसेट काढली काय रे, बेशरमा?” आणि फोन आपटला. मी पुन्हा लावला, शिंप्याला शपथ घातली, तो गेलाही सांगायला, पण ती दारच उघडेना. चारपर्यंत वाट पाहिली. नंतर गल्लीतली माणसं म्हणाली, आता ठेवता येत नाही. माहेरचं लुगडं नव्हतं. मग बाजारातल्या बायांनी तुझ्या टोपल्यावरचा तो ओला फडका आणला. मावशीच्याच त्या लुगड्याचा तुकडा होता तो, नेसून विटल्यावर तू भाजी झाकायला फाडून घेतलेला. सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास येत होता त्याला. तोच त्यांनी तुझ्या अंगावर पांघरला. दोस्ताने खांदा दिला, माझ्यापेक्षा जास्त रडला. मावशी तिसऱ्या दिवशी आली, राखेपाशी बसली. ह्या वेळी तिने गळा काढला नाही. मला एक शब्द बोलली नाही, ती स्वतः गेली तोपर्यंत नाही. माझ्या एका ओळीपायी एका बहिणीला दुसऱ्या बहिणीचं तोंड दिसलं नाही. हे मी अजून कोणाला असं सरळ सांगितलेलं नाही.

तर ती पोरगी. तिला ही सगळी गाणी इंटरनेटवर चढवायची आहेत, कोणी काय केलं ते नावानिशी लिहून. तिला सगळ्यात आवडलेली ओळ कोणती, ते तुला सांगायला नको. “काका, हे कोनं लिहिली?” तिने विचारलं. आणि माय, मी पन्नाशीचा माणूस, कोणाची भीती नाही, कोणी मारणार नाही, तरी माझ्या तोंडातून आलं, “दोस्तानं.” इतक्या वर्षांत ते खोटं माझ्या तोंडात इतकं बसलं आहे की विचार करावा लागला नाही.

परवा तिने मोबाइलवर एक आवाज पाठवला. तिच्याकडे नुसती कॅसेट नाही, त्या म्हाताऱ्याच्या दुकानातलं भंगार बाळापूरच्या एका माणसाकडे पडलं होतं, त्यात आमच्या ओट्यावरची मूळ टेपच निघाली. गाण्याच्या आधीचं बोलणंही तीत आहे. म्हाताऱ्याने ते कापलं होतं आणि मी विसरून गेलो होतो. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून कानात ते लावलं. आधी खरखर. मग मागे कुठेतरी ठप, ठप, ठप. मला कळायला क्षणभर लागला. तुझा एक फोटो आहे माझ्याकडे, तोही हललेला. आवाज तर नव्हताच. आणि ही तू, भाकर थापणारी, मधूनच बांगड्यांसकट.

त्यावर दोस्ताचा आवाज, अगदी कोवळा. “हे ओळ काढ ना बे. माय आत हाये.”

आणि माझा. “काहाले काढू? तेच तं जोरदार हाये. म्या लिहिली हाये, म्याच म्हनतो.”

मग कॅसिओ सुरू होतो, मी सुरू होतो, आणि मागे तुझा हात चालूच आहे, जणू गाण्यासाठीच. ‘माय माही मेली’ येतं. तिथे ठप थांबते. मी वाजवून वाजवून पाहिलं, चुकून नाही, तिथेच थांबते. पुढची सगळी ओळ मी एकटाच ओरडतो आहे, मागे काही नाही. मग कुठे पुन्हा ठप येते, आधीपेक्षा हळू. तव्यावरची भाकर तेवढ्यात करपली असणार.

म्हणजे तुला ठाऊक होतं. मावशी यायच्या आधीपासून, मी कंदिलापाशी खोटं बोललो त्याच्या आधीपासून. तू विचारलंस ते माहिती नव्हतं म्हणून नाही विचारलंस, मी सांगतो का ते बघायला विचारलंस. आणि दोस्ताला जे वाढत होतीस ते माफ करून नाही. त्याने तुझ्यासाठी एकदा तोंड उघडलं होतं, म्हणून.

पोरीने खाली लिहिलं आहे, “काका, सुरुवातीचं बोलनं अन् मागची ठपठप साफ करू काय? तुमी म्हनसान तसं.” फार शहाणी पोरगी आहे. तिने ते बोलणं ऐकलं आहे, मी तिच्याशी काय खोटं बोललो तेही तिला कळलं आहे, पण त्याबद्दल अक्षर नाही. दोन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. ठपठप काढू देणार नाही, एवढं नक्की. पण ती ठेवली तर ती का थांबते हेही लोक विचारणार, आणि मग बोलणंही ठेवावं लागेल, आणि दोस्तालाही आधी फोन करावा लागेल. त्याचा नंबर समोर काढून ठेवला आहे. तो बिचारा अजून कुठल्याशा ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि मी त्याच्या नावावर काय खपवलं ते त्याला माहीतच नाही. त्याला काय म्हणायचं, त्याची तालीम म्हणून हे लिहायला घेतलं, तर ते तुलाच लिहिलं गेलं.

ती ओळ मी लिहिली होती, माय. आणि बघ, हेही मी पहिल्यांदा कबूल करतो आहे ते कोणापाशी, तर जिला वाचता येत नव्हतं तिच्यापाशी.