गोठ्याच्या भिंतीतल्या वाळूमाश्या

लाडक्या अनू,

आज सकाळी तुझ्या धाकट्या बहिणीचं, चिऊचं कपाळ गरम लागलं आणि मी तिला तशीच उचलून दवाखान्यात आणलं. आता तिच्या खाटेशेजारी बसून तुला लिहितेय. दुसऱ्या कुणाशी बोलू? पप्पा औषध आणायला शाहूपुरीत गेलेत. त्यांच्यासमोर तुझं नाव काढलं की ते उठून जातात.

गेल्या श्रावणात तूही अशीच तापलीस. "आई, डोकं लई दुखतंय," म्हणालीस. तुझी चाचणी होती. मी म्हटलं, "शाळा बुडवायची नाटकं करू नगंस." तापाची गोळी दिली आणि धारा काढायला गेले. दुपारी तुला झटके आले. दुसऱ्या दिवशी तू गेलीस, चिऊला शेवटचं न भेटताच. नऊच वर्षांची होतीस गं.

डॉक्टर म्हणाले, मेंदूज्वर, वाळूमाशी चावून झालेला.

ते नाव मला नवं नव्हतं, अनू. पंधरा दिवस आधी फवारणीवाले आपल्या दारात आले होते. सांगत होते, पावसाळ्यात या माश्या वाढतात, डासाहून बारीक असतात, आवाजही करत नाहीत. दिवसा भेगांत बसतात, सांजेला बाहेर पडतात. गोठ्याची भिंत लिंपून घ्या.

आजोबांनी त्यांना परत पाठवलं. "औषधाच्या वासानं म्हशी आटत्यात. न्हाय म्हंजे न्हाय."

मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होते. का गप्प बसले? तू रोज सांजेला त्याच भिंतीला टेकून अभ्यास करायचीस, रेडकाला मांडीशी घेऊन. मला दिसत नव्हतं का?

तू गेल्यावरही ती भिंत कुणी लिंपली नाही. तिकडं बघायचीच हिंमत नव्हती कुणाची.

मागच्या आठवड्यात फवारणीवाले पुन्हा आले. आजोबा पुन्हा दारात आडवे. सासऱ्यांपुढं कधी न बोलणारी मी म्हणाले, "मामा, बाजूला व्हा."

"कुणाशी बोलतीस?"

"अनूच्या आजोबांशी."

ते खाली बसले. मग उठून एकेक म्हैस सोडून रस्त्यावर नेली. फवारणी झाली. भिंत लिंपायची तेवढी राहिली, आणि आज चिऊला ताप.

डॉक्टर म्हणतात, "घसा सुजलाय, मेंदूज्वराचं लक्षण न्हाय. तरी दोन दिवस ठेवून घेऊ." मला खरं वाटत नाही. शुद्ध हरपत नाही ना, म्हणून मी तिला सारखं तिचं नाव विचारते, शाळेचं नाव विचारते. "आई, किती येळा सांगू?" म्हणून वैतागली. वैतागली म्हणून मला रडू आलं. तुला असं वैतागायलाही वेळ मिळाला नाही.

कधी वाटतं, तुझ्या जागी मी का नाही?

पण ऐक. उद्या पप्पांना चिऊजवळ बसवून ती भिंत मी माझ्या हातांनी लिंपणार. मग गल्लीतल्या प्रत्येक गोठ्यात जाणार. कुणी दार लावून घेतलं तर उंबऱ्यावर बसेन, तुझं नाव घेऊन सगळं सांगेन, माझ्या चुकीसकट. दार उघडेपर्यंत उठणार नाही.

तुझीच,
आई