दोघांचे शुक्रवार

मोहाडी,
शुक्रवार, १२ जानेवारी १९७९

प्रिय नंदू,

आधी एक गंभीर तक्रार. तुझ्या मायन्यातून दिवाळीच्या सुमारास 'तीर्थस्वरूप' गेलं, मग 'साष्टांग नमस्कार' गेला, आणि परवाच्या पत्रात नुसता 'प्रिय दादा' उरला. बावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या थोरल्या भावाची ही संपत्ती तू अशी हप्त्याहप्त्याने काढून घेतलीस. विलायतेत बर्फावर साष्टांग घालणं अवघड असेल, मान्य; कागदावर घालायला काय हरकत होती? तुझी वहिनी म्हणते, पोरगं पत्र धाडते हे काय कमी हाय? तिने जन्मात कधी माझी बाजू घेतलेली नाही.

तुझी पत्रं मी रविवारी दुपारी मायला वाचून दाखवतो. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ऐकते, आणि मी वाचता वाचता गाळतो. त्या थंडगार खोलीत तू नऊ दिवस तापाने पडलास, चर्चमधला तो म्हातारा रोज सूप घेऊन आला, तुझ्या उशाशी बसून प्रार्थना करत राहिला, आणि दुःख ही शिक्षा नसून त्यात कुणीतरी सोबत असतं हे तुला तेव्हा कळलं, असं तू लिहिलंस. मायला मी फक्त सूप सांगितलं. तिने विचारलं, कोणत्या डाळीचं? तुझ्या चर्चचा मला राग आला नाही, खरंच. ताप का आला हे मी तुला पूर्वजन्मापासून समजावून सांगितलं असतं. तो म्हातारा येऊन बसला.

पण सप्टेंबरातल्या पत्रात मी नको ते गाळलं. 'दर शुक्रवारी उपास करतो', इतकं मोठ्याने वाचलं. पुढे तू लिहिलं होतंस की ख्रिस्त शुक्रवारीच क्रुसावर गेला, भूक लागली की त्याचं दुःख जवळून कळतं. ते मी गिळलं. इथे सध्या एकाआड एक घरात संतोषी मातेचे शुक्रवार चालू आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मायच्या हातातली कांडी थांबली. पोरगा साता समुद्रापार जाऊन देवीचं व्रत करतो! संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत गूळ-फुटाणे वाटून झाले. आणि तिचा तो चेहरा पाहून, नंदू, मी चूक दुरुस्त केली नाही. पुढच्या शुक्रवारपासून तिनेही उपास धरला, तुझ्या सोबतीने. बाकीच्या बाया संध्याकाळी जेवतात. ही दुसऱ्या दिवसापर्यंत नुसत्या पाण्यावर. म्हणते, पोरगा थंडीत उपाशी रायते, अन् मी कायले गिळू?

सोळा शुक्रवार मागच्या आठवड्यात झाले. त्याच दिवशी दुपारी ती मागाजवळ कोसळली. उलटीत रक्त होतं. डॉक्टर म्हणाले, पोटात व्रण आहे, पोट रिकामं ठेवाल तर पुढच्या वेळी माझ्याकडे आणू नका. सोळा झाले, आता उद्यापन करून टाक म्हटलं, तर म्हणते, दोघायनं संगं धरलं, संगंच सोडू. तू येणार दोन वर्षांनी. आजाऱ्याला व्रताची सूट असते, असं शास्त्र काढून दाखवलं. म्हणाली, शास्त्र तुयं, पोरगा माया. खरं सांगायला दोनदा तिच्या खाटेपर्यंत गेलो. दोन्ही वेळा तिने तुझंच विचारलं, आणि मी परत फिरलो. आज पुन्हा शुक्रवार आहे. दुपारचे तीन वाजले आहेत. ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. हालअपेष्टांत धडे सापडतात, असं तू लिहितोस. मी खूप शोधले, मला एकही सापडत नाही.

तेव्हा मायन्याचं राहू दे. मायला तुझ्या हाताने लिही की शुक्रवार सोडले, रोज दोन वेळा जेवतो. तुझ्या धर्मात हे बसतं का, ठाऊक नाही. माझा तर गप्पच आहे. पत्र इथे पोचेपर्यंत दोन-तीन शुक्रवार जातीलच. आणि एक मला वेगळ्या कागदावर खरं लिही. नाताळातल्या फोटोत तुझ्या शर्टाच्या कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल. ताप कधीच उतरला होता ना? तू ख्रिस्तासाठी उपाशी राहतोस, की खायला नसतं म्हणून त्याला सोबतीला घेतलंस? पहिलं असेल तर मीच तुला साष्टांग घालीन. दुसरं असेल, अशी मला भीती वाटते. रोज वाटते. आज माझ्या दोन्ही माणसांच्या पोटात काही नाही, आणि मी मात्र बारा वाजता जेवलो आहे.

तुझाच,
दादा