कालिंदीला माथेरानला नेलं

८ नोव्हेंबर
पुस्तकाची किंमत साडेचारशे. खरी पडली ती अशी — दादरला जायला भांड्यांचा गाळा अर्धा दिवस बंद, माझ्यासाठी वाचायचा चष्मा, आणि बायकोसमोर अडखळत वाचायची लाज. ही शेवटची रक्कम सगळ्यात मोठी! सातवीनंतर मी बिलं आणि दुकानांच्या पाट्या सोडून काही वाचलेलं नाही. साखरेनं अनसूयाचे डोळे नेले, नाहीतर तिनं एवढं दोन दुपारांत संपवलं असतं.
विश्राम आणि कालिंदी. पहिल्या पानावर दोघं विशीतले. पूर्ण संसार आहे म्हणे, म्हातारपणापर्यंत.

९ नोव्हेंबर
विश्राम तिला रोज चिठ्ठी लिहितो. मी म्हटलं, हा कामाला कधी जातो? अनसूया म्हणाली, तुम्ही लग्नानंतर मला पहिलं काय दिलंत आठवतंय? पॉलिश बिघडलेला टोप.
गिऱ्हाइकानं परत केलेला होता. अजून दूध त्यातच तापतं.

११ नोव्हेंबर
अनसूयाचं लिव्हर गेलंय. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला कळलं. दाराआड ते नर्सला म्हणाले, यांना बाहेर बसवा, मिस्टरांशी बोलायचंय. तो आवाज! टोपाला टिचकी मारून मी पत्रा जाड की पातळ सांगतो, माणसाचा आवाज त्याहून सोपा. होळी बघतील असं वाटत नाही, म्हणाले.
तिला सांगितलं, गोळ्या बदलल्यात फक्त. "बरं," म्हणाली.
या घरात माझ्या कानाआड आजवर काही झालेलं नाही. आता एक गोष्ट तिच्या कानाआड ठेवायची. धंद्यात इतकी वर्षं काढली, एवढं जमेलच.

१४ नोव्हेंबर
गाळ्यावर पुढची पानं चाळली. कालिंदी मरते. तीही अंथरुणात, हळूहळू — साठ पानं!

१५ नोव्हेंबर
ती पानं गाळली. पुस्तक समोर धरून मनानंच सांगत गेलो. लेखकाला काय, लिहून मोकळा. मी दोघांना माथेरानला नेलं. घोडे, लाल माती, चिक्की.
अनसूयानं विचारलं, "कालिंदीचा ताप गेला?"
म्हटलं, गोळ्या बदलल्या.
तिनं पांघरूण पायांवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "वाचा पुढे."

१७ नोव्हेंबर
आज पुन्हा नेलं. "परत माथेरान? बराच पैसा दिसतोय विश्रामकडे," म्हणाली. मीही हसलो. मग न्हाणीघरात नळ सोडून बसलो.
दुसरी जागा सुचतच नाही. आम्ही तेवढी एकच बघितलीय. बाकीची सगळी वर्षं गाळ्यात गेली. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ — तिनं कधी हट्ट केला नाही, आणि मला वाटायचं, बाई समाधानी आहे.

१८ नोव्हेंबर
जेवली नाही. पाय सुजलेत.

१९ नोव्हेंबर
पुस्तक हातात घेतलं तर म्हणाली, आज नुसतं बसा. बसलो. मला नुसतं बसता येत नाही. तिचा हात धरावा तर तोही किती हलका झालाय.
ती साठ पानं मी गाळ्यावर रोज चोरून वाचतोय. म्हटलं, बघू विश्राम काय करतो. तो रडतो आणि दाढी करत नाही. कामाचं काही सापडलं नाही.

२० नोव्हेंबर
सुलूचा फोन — अनसूयाची धाकटी बहीण, राई गावात असते. म्हणाली, भावजी, आता पोटात ठेववत नाही. ताईनं मला दिवाळीतच सांगून ठेवलंय, मी सवाष्ण जाणार, तेव्हा तुझ्या पिंकीच्या लग्नातली हिरवी साडी नेसवा, यांना नवी आणू देऊ नका.
आमच्याच स्वयंपाकघरात सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत फराळ करत होतो.