आंबट आहेत तोवर तोड

मानकोली, भिवंडी

चि. भास्कर यास गोदाक्काचे अनेक आशीर्वाद.

विनिता आणि बाळ ठणठणीत आहेत. लेकीच्या बाळंतपणात मी काही कमी पडू देत नाही. फोनवर तू "हो आक्का" म्हणतोस आणि आपलंच खरं करतोस, म्हणून इथल्या गोदामात वाईनच्या बाटल्या उतरवून परत निघालेल्या आपल्या गाडीबरोबर ही चिठ्ठी देते.

तू पाठवलेली द्राक्षं चाखली. झकास आंबट आहेत. शेजारच्या गुणाबाईने एक तोंडात टाकलं नि डोळेच मिटले. "अगो बाय, ही तं पिकलीच न्हाय! याची कसली दारू?" म्हटलं, बाई, फसफसणारी वाईन अशाच द्राक्षांची होते.

पण दोन मण्यांवर मला भुरी रोगाची पांढरी पूड दिसली. तू औषध फवारायच्या विचारात असशील. फवारलंस तर औषधाचा अंश उतरेपर्यंत तोडणी लांबेल, तोवर गोडी चढेल आणि माल हातचा जाईल. शिवाय सहा वर्षं औषधाविना जपलेली बाग, त्यावरही पाणी. भुरीचे घड बाजूला काढ आणि उद्या उजाडताच तोडणी लाव. माणसं मिळतील ना?

पहिल्या साली मीच "चार दिवस थांबू" म्हटलं आणि सगळा माल वाया गेला. आपल्या वडिलांनी मात्र गावाला सांगितलं, "चूक माझी."

यंदा बिघडलंच, तर आक्काने सांगितलं म्हण.

तुझी,
गोदाक्का