कौलांखालचा एसी

रत्नागिरी, १२ मे २००४

अंथरुणाला खिळलेल्या मामंजींसाठी एसी घेतला खरा, पण अक्कल कुठून आणायची? परवा मेकॅनिकने देवघरातली उदबत्ती मागून खोलीत धरली, तर धूर सरळ कौलांतून बाहेर. म्हणाला, "आधी सिलिंग करा, मग एक टनाचाही पुरेल."

दुबईहून आलेले भावोजी हसले. "आमच्याकडे असले खेळ नाय चालत. दोन टनाचा बसव!"

आज बसवला. दोन तास झाले तरी मामंजींची पाठ घामाने चिंबच. तर भावोजी म्हणतात, "पूजा राहिली ना!" मग हार काय, हळदकुंकू काय! शेवटी उदबत्ती ओवाळली. धूर पुन्हा कौलांतून गेला. पडल्यापडल्या मामंजींनीसुद्धा पाहिला. भावोजींनी तेवढे भक्तिभावाने डोळे मिटले होते.