धरणावरचा लाल झेंडा

आबा, आपल्या धरणाच्या काठावर आता मरीना झाली आहे. हा शब्द तुम्हाला कळणार नाही, आणि ज्यांनी तो फाटकावरच्या पाटीवर रंगवून घेतला त्यांनाही तो फारसा कळलेला नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. बोटी बांधून ठेवायची जागा, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही बाभळीच्या खोडाला नाव बांधायचात, तीही मरीनाच, फक्त बिनपाटीची. तुम्ही गेल्याला तेरा वर्षं झाली, आणि मी इथं बोटींवर देखरेख करतो. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. नावाड्याचा मुलगा, याला पाण्यातलं कळत असणार, असं समजून साहेबांनी मला घेतलं. त्यांचा हा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

जागा ठरवायला साहेब मंडळी आली ती भाद्रपदात. धरण काठोकाठ भरलेलं. गाडीतून उतरले, जिथं पाणी होतं तिथं खुंटी ठोकली आणि जेवायला गेले. मी म्हणालो होतो, "साहेब, हितं पाणी ऱ्हात न्हाई. हितं गाळपेर होते." पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात आपली माणसं हरभरा पेरतात, हेही समजावून सांगितलं. एकानं ते वहीत लिहून घेतलं. मग तरंगता धक्का बरोबर त्याच जागी बसवला. मार्गशीर्षात तो तरंगायचा थांबला आणि फाल्गुनात त्याच्या दोन्ही बाजूंना साखरा गावाकडच्या एका माणसाचा हरभरा घाट्यांवर आला. पुसेगावहून शाळेची सहल आली होती. लेकरांनी त्या धक्क्यावर पाय सोडून हिरवे घाटे सोलून खाल्ले, आणि विद्यार्थ्यांनी जलक्रीडेचा आनंद घेतला असं वर कळवण्यात आलं. आता आम्ही महिन्यातून एकदा ट्रॅक्टर लावून मरीना पाण्यामागं ओढत नेतो.

येणारी माणसं तर विचारूच नका. बोटीत बसायच्या आधी पोहता येतं का विचारलं की रागावतात. जाकीट घाला म्हटलं की फोटोपुरतं घालतात. एक गृहस्थ मला विचारत होते, इथं लाटा कधी सुरू होतात, म्हणजे लाटांचं बटण माझ्या खोलीत असावं. आमचा शिकवणारा मात्र खरा जाणकार आहे, कोकणातला तरुण माणूस, शिडाच्या दोन बोटी त्याच्याकडं आहेत. त्याच्या हातात वारा मोजायचं यंत्र असतं. ते तोंडासमोर धरून तो आकडा वाचतो. आपलं पाणी सकाळी निपचित असतं, उन्हं तापली की पश्चिमेचं वारं लांबून पाणी ढकलत येतं, आणि दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीपाशी ते अचानक अंग बदलतं, हे त्याला पहिल्या महिन्यातच कळलं. बुडालेल्या गावठाणावरच्या बाभळी पाण्याखाली हातभरच आहेत, तेही त्याला ठाऊक आहे. मला त्याचा राग येतो तो एवढ्यासाठी की त्याला खरोखर कळतं आणि तरी तो भीत नाही.

तुम्ही भ्यायचात. हे मी आजवर तोंडावर बोललो नव्हतो, पाठीमागं मात्र खूप बोललो. तो श्रावणातला दिवस तुम्हाला आठवतच असणार. डी.एड.ला माझा नंबर लागला होता, आणि मूळ कागदपत्रं घेऊन हिंगोलीला हजर राहायचा तो शेवटचा दिवस होता. त्या काळी डी.एड. म्हणजे मास्तरकी ठरलेलीच. पलीकडच्या काठावरून साडेआठची एस.टी., आणि पलीकडं जायला तुमची नाव. मायनं चुलीपुढं बसून माझ्यासाठी दशम्या बांधल्या आहेत, मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आहे, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत छातीशी धरले आहेत. आपण काठावर येतो. तुम्ही दोरी सोडता, थोडा वेळ उभे राहता, आणि परत बांधता. वल्ही काढून खांद्यावर घेता.

"वारं फिरायलंय," तुम्ही म्हणालात. "आज नाव न्हाई जायची."

मी आधी विनवण्या केल्या, मग ओरडलो, मग सगळ्यांदेखत रडलो. तुम्ही म्हणालात, "काहून रडून राहिला रे? मास्तर पुढच्या साली व्हशील." आणि तेवढ्यात खालच्या अंगाचा दुसरा नावाडी, ज्याला तुम्ही कायम दारुडा म्हणून हिणवायचात, एक म्हातारी आणि दोन शेळ्या नावेत घालून आरामात निघाला. त्यानं मला हाक मारली होती, या म्हणून. तुम्ही माझं मनगट धरून ठेवलं. तो पलीकडं पोचला, शेळ्या उड्या मारून उतरल्या, आणि त्यानं तिथून हात हलवला. वारं काही फिरलं नाही. तुम्ही माझा हात सोडलात तेव्हा मी पाण्याला वळसा घालून पायी निघालो. हिंगोलीत पोचलो तेव्हा खिडकी बंद होती आणि माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली होती. पुढच्या साली प्रवेशाला लागणारे मार्क वर चढले आणि माझा नंबर लागलाच नाही.

संध्याकाळी माय म्हणाली होती, "बापाला काई बोलू नको, त्यो जेवला न्हाई." मला त्याचंही हसू आलं. आपणच सगळं घालवायचं आणि वर उपाशी राहायचं. त्यानंतर तुमच्याशी मी कामापुरतं बोललो. माझ्या लग्नात, मुलीच्या बारशात, तुमच्या आजारपणात, सगळीकडं कामापुरतंच. तुमच्यामागं मात्र त्या दिवसाचा मी चांगला किस्सा करून ठेवला. पाहुणे आले की सांगायचो. तुमचं ते दोरी सोडणं आणि परत बांधणं, खांद्यावरची वल्ही, "वारं फिरायलंय" म्हणतानाचा तुमचा घोगरा आवाज, सगळ्याची नक्कल करायचो. शेळ्या पलीकडं पोचतात त्या जागी लोक हमखास हसायचे. एकदा जवळा बाजारच्या आठवड्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर मी हे सांगितलं तेव्हा तो दुसरा नावाडी शेजारी बसला होता. तो हसला नाही. मी त्याला मूर्खात काढलं.

तुमची नात आता सतरा वर्षांची आहे. ती आमच्या त्या कोकणातल्या माणसाकडं शीड चालवायला शिकली. मी शिकू दिलं, कारण काठावर मीच असतो. ती चांगली चालवते, आबा, हे बाप म्हणून नाही सांगत. वारं समोरून असताना नाव तिरकी काढत काढत ती खिंडीपर्यंत जाते आणि वळवून आणते. गेल्या महिन्यात राज्याच्या शिबिरासाठी निवड करायला दोन माणसं आली. सहा मुलं होती, त्यात मुलगी आपली ही एकटी. नियम असा आहे की धक्क्यावर लाल झेंडा चढला की एकही बोट सुटायची नाही, आणि झेंडा चढवायचा अधिकार फक्त माझा. इतक्या नियमांत हा एकच शहाणपणाचा आहे, असं मी म्हणत आलो होतो. ती बोटीत बसली, दोरी हातात घेतली, आणि मी झेंडा चढवला.

शिकवणारा पळत आला. "काका, वारा दहा नॉटच आहे, स्थिर आहे. याहून चांगला दिवस मिळणार नाही." त्यानं यंत्र माझ्या नाकासमोर धरलं. पोरगी बोटीतूनच म्हणाली, "बाबा, काहून लावला झेंडा? वारं बराबर हाय की."

"वारं फिरायलंय," मी म्हणालो.

दोन वाजेपर्यंत सगळे थांबले. वारं फिरलं नाही. मी झेंडा उतरवला नाही. निवडीची माणसं गाडीत बसून निघून गेली, आणि सहाही मुलांचं राहिलं ते राहिलंच. एका मुलाचा बाप मला जे बोलला ते इथं लिहीत नाही, पण ते रास्त होतं. घरी पोरीनं माझ्यापुढं ताट सरकवलं आणि म्हणाली, "आबासारखंच केलं तुमी." मग तिनं तुमची नक्कल केली. दोरी सोडली, परत बांधली, आवाज घोगरा केला. हुबेहूब माझ्यासारखी. फक्त कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

आज तिचं एक काम आहे. कोकणात समुद्रावर शिबिर आहे आणि निवड राहून गेलेल्या मुलांना तिथं एक संधी द्यायचं ठरलं आहे. त्यासाठी पालकाचं संमतीपत्र लागतं. ते सकाळी तिनं माझ्या डब्याखाली ठेवलं. चार वाजता शिकवणारा ते न्यायला येणार. तिथं काठावर मी नसणार, झेंडाही दुसऱ्याच्या हातात. दुपारपासून मी तिकिटाच्या खोलीत बसलो आहे आणि संमतीपत्र बाजूला सारून हे लिहितो आहे. एवढा लांबलचक कागद मी तुम्हाला लिहिला तो तुमच्या प्रेमानं नाही, ती सही टाळायला.

आता केली. अशी वेडीवाकडी की बँकेत ही सही चालली नसती. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि जिला पोचू शकतं तिला मी ते देणार नाही, कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. झेंडा चढवला त्या दिवशी मी पाण्याकडं बघितलंच नव्हतं, आबा. टेकडीकडं नाही, खिंडीकडं नाही. ती जाकिटाचा पट्टा आवळत होती तेवढंच मी बघत होतो. तुम्ही तरी त्या सकाळी पाण्याकडं बघितलं होतं का? पोरीला मी हे काही सांगितलेलं नाही. तिला अजून असंच वाटतं की तिच्या बापाला वारं ओळखता आलं नाही.