बोरूचा मुक्काम

लातूर
८ नोव्हेंबर २०२४

सौ. पार्वतम्मा विहीणबाई यांस,
सप्रेम शरणार्थ.

घरी सगळे बरे असाल. व्याही सिद्रामप्पांचा खोकला कमी झाला का? आमच्याकडे ह्यांचं डाळीचं दुकान, तुरीचे भाव आणि त्या भावांवरची ह्यांची बडबड, सगळं नेहमीसारखं चालू आहे.

घरोघरी फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो. मागे टीव्ही, कुकरची शिट्टी, शेजारणी. मला चारचौघांत बोलायचं सुधरत नाही. शाळेत सिस्टर दर रविवारी आमच्याकडून पत्र लिहून घ्यायच्या, ती सवय अजून गेली नाही. ती कॉन्व्हेंटची शाळा तुमच्या नांदेडचीच. तुमच्या गल्लीतून चालत जाता येईल इतकी जवळ. वडिलांनी मला उदगीरहून तिथे बोर्डिंगला ठेवलं होतं. आता माझ्या त्या गावात माझा बोरू राहतो आणि मी इथे. गंमत आहे.

आमच्या सोमेशने तुम्हाला सगळं सांगितलं असेलच, तरी पुन्हा लिहिते. बोरू डॅशहाउंड जातीचा कुत्रा. पाठ लांब, पाय आखूड, त्यामुळे पाठीचा सगळा भार मणक्यावर. दिवाणावरून रोजच्यासारखी उडी मारली आणि एकदम किंचाळला. मी स्वयंपाकघरातून धावत आले तर पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत माझ्याकडे येत होता. मागचे पाय फरशीवरून नुसते घसटत होते. मणक्यातली गादी सरकली होती. हैदराबादला ऑपरेशन झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता हे लक्षात ठेवा. गळ्यात पट्टा घालायचा नाही, अंगातला घालायचा. उचलताना एक हात छातीखाली, एक कुल्ल्यांखाली. पाठ आडवी, सरळ राहिली पाहिजे. जाळीच्या पिंजऱ्याबाहेर सोडायचं नाही. लघवी आपोआप होत नाही तोवर पिशवी हाताने दाबून काढायची, ते डॉक्टरांनी सोमेशला शिकवलं आणि सोमेशने तुम्हाला. मला नाही शिकवलं. खायला मोजकंच. वजन वाढलं की मणक्यावर ताण येतो. धपाट्याचा तुकडासुद्धा नको. तो केविलवाणे डोळे करून बघेल. बघू द्या.

आमचं घर दुकानाच्या वर, जिना सरळ उभा. माझी कंबर पट्ट्याशिवाय सरळ होत नाही, त्याला उचलणार कोण? सगळं पटतं मला. सोमेशने मला विचारलं नाही असंही नाही. "आई, बोरूला नांदेडला मम्मींकडे ठेवू या ना?" असं विचारलं. तेव्हा आम्ही हैदराबादच्या स्टँडवर होतो आणि माझं लातूरच्या बसचं तिकीट त्याच्या हातात होतं.

तो तुम्हाला मम्मी म्हणतो, हे मला त्या दिवशी कळलं. चांगलं आहे.

तुम्ही घरात जागा दिलीत, तुमचे उपकार आहेत. त्याला गडगडाटाची भीती वाटते. तशी वेळ आली तर त्याच्या कानावर हात ठेवत जा. मी तसंच करते.

आपली,
सौ. महानंदा

*

लातूर
३० नोव्हेंबर २०२४

सौ. विहीणबाई,
शरणार्थ.

तुमच्याकडे सगळे मजेत आहेत, हे स्वप्नाली पाठवते त्या फोटोंवरून कळतं. फोटोंबद्दल तिचे आभार माना. सून गुणाची आहे. पुण्यात बसून रोज नांदेडचे फोटो मागवते आणि मला पाठवते.

एका फोटोत बोरू तुमच्या पूजेच्या पाटाशेजारी जाळीत पडलाय आणि तुमच्याकडे बघतोय. इथे मी लिंगपूजेला बसले की तो माझ्या पदरावर येऊन बसायचा आणि विभूती लावून होईपर्यंत हलायचा नाही. हे म्हणायचे, "पुढच्या जन्मी हा मठात जाणार." तुमच्या पदरावर बसतो का? फोटोत दिसत नाही. सांगू नका.

आणखी एक. व्हिडिओत तुम्ही त्याला "बोरप्पा" म्हणता. त्याचं नाव बोरू आहे. लहान असताना लिहायच्या बोरूसारखा बारीक आणि तपकिरी होता, म्हणून मीच ते ठेवलं. व्हिडिओत तो बोरप्पा म्हटल्यावर कान वर करतो. मी इथे मोबाईलवर "बोरू, बोरू" म्हणत बसले तेव्हा ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. म्हणाले, "अगं, व्हिडिओ हाय तो. तो तुला काय ओ देतो?"

फोनबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. आधी तुम्ही त्याच्या कानाला फोन लावायचात. मग हळूहळू तुमचं नेटवर्क जायला लागलं. मी "बोरू" म्हणायचा अवकाश की फोन कट. परत लावला तर म्हणता, "आवाज येईना गेला बघा, रेंजच न्हाई." तुमच्या गल्लीत रेंज नाही? सोमेश तर सकाळ-संध्याकाळ तुमच्याशी बोलतो. मला रविवारी. "अगं आई, बिझी होतो." तुमच्याशी बोलताना त्याचं नेटवर्कही छान आणि वेळही छान.

मी काही लहान मुलगी नाही. कोणाला कोणाचा आवाज नकोसा झालाय, ते कळतं मला.

मध्ये एका लग्नाला नांदेडला येऊन गेले. गडबडीत तुमच्याकडे यायला जमलं नाही. तसंही बोलावणं नव्हतं. हे निघतानाच म्हणाले होते, "मुलाची आई आहेस. आवतण नसताना कुत्र्यासाठी विहिणीच्या दारात जाऊन उभी राहणार का?" माझ्या सासूबाई सुनेच्या माहेरी कधी गेल्या तर आधी निरोप यायचा, मग त्या जायच्या. दारात पायांवर पाणी, घरात लुगडं, आणि दिवस मावळायच्या आत परत. तुमच्याकडेही हेच चालतं, मला माहीत आहे. इतक्या दिवसांत तुम्ही एकदाही "या" म्हणाला नाहीत. त्यावरून काय समजायचं ते मी समजले.

तर ठरवलंय. दुकानामागची खोली हे रिकामी करून देतायत. तुरीची पोती हलवताना खूप बोलले. "आता माल वर चढवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, खाली कुत्रं झोपलंय, हळू बोला." बोलू दे. बोरू खाली राहील, मीही खालीच झोपेन. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोमेश येणार आहे. मी त्याला गाडी घेऊन तुमच्याकडे पाठवते. बोरूचं सामान बांधून ठेवा. निळा टॉवेल माझा आहे, तोही.

तुम्ही त्याचं केलंत ते मी विसरणार नाही.

महानंदा

*

लातूर
१९ डिसेंबर २०२४

पार्वतम्मा,
शरणार्थ.

तुमचं पत्र आलं. पाकिटावर सिद्रामप्पांचं अक्षर आणि आत तुमचं. मी ते आधी दुकानात उभ्याने वाचलं, मग वर जाऊन वाचलं, मग ह्यांनी "काय झालं?" विचारलं म्हणून त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही बोलता तसंच लिहिता, त्यामुळे घरात तुमचाच आवाज आला.

"विहीणबाई, राग पोटात घाला. तुमचा आवाज फोनातून आला की लेकरू उठायला बघतंय. मागचं धड उठत न्हाई, मग जाळीला तोंड घासतंय, रडतंय. एकदा टाक्यातून रगत आलं. डॉक्टर म्हणले, जखम भरेपर्यंत त्यांचा आवाज नको, त्यांचं येणंबी नको, उडी मारली तर सगळं केलेलं वाया. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही तिकडं जेवला नसता. म्हणून रेंजचं खोटं बोलले. आता डॉक्टर हाव म्हणले हायत. दोघं जोडीनं या. लुगडं काढून ठेवलंय, हिरवं."

हे चष्मा पुसत म्हणाले, "बाई चांगली हाय." मग म्हणाले, "तू उगं जळत होतीस." उगं नव्हते जळत. चांगल्या बाईवर जळणं जास्त अवघड असतं, एवढंच.

शाळेत नवीन मुलींना सुरुवातीला आईवडिलांची भेट नसायची. भेटून गेले की मुली जास्त रडतात, जेवत नाहीत, असं सिस्टर म्हणायच्या. मला त्या बाईचं काळीज दगडाचं वाटायचं. तुमचं पत्र वाचून त्यांची आठवण झाली.

आता मी न लिहिलेलं लिहिते. लग्नाला आले होते तेव्हा मला गडबड नव्हती. अक्षता पडल्यावर मी जेवायला न थांबता रिक्षा केली आणि तुमच्या गल्लीत आले. रिक्षा समोरच्या मेडिकलपाशी थांबवली. बोलावणं नाही म्हणून उतरावं की नाही, अशी घुटमळत होते. तेवढ्यात तुम्ही बोरूला घेऊन अंगणात आलात.

त्याच्या पोटाखालून निळा टॉवेल घेतलेला, दोन्ही टोकं तुमच्या हातात. मागचे पाय दारू प्यायल्यासारखे एकमेकांत अडकत होते, पण जमिनीला टेकत होते. टेकत होते, पार्वतम्मा! तो चालत होता. मला तोंडावर पदर धरावा लागला. तुम्ही म्हणत होतात, "हं, चल माझ्या राजा. घाई कुठं हाय? आपल्याला कुठं मुदखेडची गाडी धरायची हाय?"

मग तुम्ही टॉवेल सैल सोडला आणि तो पडला.

मी रिक्षातून एक पाय खाली टाकला होता. मी असते तर धावत जाऊन उचलला असता, छातीशी धरून वर घेऊन गेले असते, "पुरे झालं आजच्यापुरतं" म्हटलं असतं. तुम्ही वाकलाही नाहीत. शेजारी मातीत बसलात. शेंगा सोलायला बसावं तशा. त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतात. तो थोडा वेळ पडून राहिला, मग पुढचे पाय रोवले, मागचं धड थरथरलं, आणि उठला. आपला आपण उठला. उठून तुमच्या हातावर जीभ फिरवली आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं. आजवर तसं तो एकाच माणसाकडे बघायचा.

मी पाय आत घेतला. रिक्षावाल्याला म्हटलं, स्टँडला चल. तो म्हणाला, "मावशी, इथंच उतरायचं होतं ना?" मी म्हटलं, पत्ता चुकला.

लातूरपर्यंत माझ्या मनात एकच होतं की त्याला परत आणायचा. तो बरा होतोय याचा आनंद मला व्हायला हवा होता. झालाही, पण बसच्या खिडकीशी डोकं टेकून मी रडत होते ते त्यासाठी नव्हतं. तो माझ्याशिवाय उठला, त्यासाठी रडत होते. त्याच रागाने मागचं पत्र लिहिलं.

काल दुकानामागच्या खोलीत जाऊन बसले. ह्यांनी भिंतीला चुना दिलाय, पंखा लावलाय. तोंडाने कितीही बोलले तरी केलं सगळं. पण दाराबाहेर दिवसभर हमालांची ये-जा, टेम्पो मागे घेताना होणारा आवाज, पोती आपटतात ती धूळ. बोरू दार लावून आत राहील किंवा दार उघडं राहिलं तर टेम्पोखाली जाईल. आणि वर माझी चाहूल लागली की जिना चढेल. पुन्हा गादी सरकली तर दुसऱ्या ऑपरेशनला पाठ साथ देईलच असं नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. त्याने पाय ओढत माझ्याकडे यावं, मी वाकू शकू नये, आणि दोघांनी एकमेकांकडे बघत बसावं. तसं एकदा झालंय. पुन्हा नको.

म्हणून सोमेशला गाडी पाठवू नको म्हणून कळवलं. बोरू तुमच्याकडेच राहू द्या. बरा होईपर्यंत नाही. कायमचा. हे वाक्य लिहायला मला चहा दोनदा गरम करावा लागला, म्हणून कृपा करून फोनवर पुन्हा विचारू नका.

पण मी येणार. येत्या सोमवारी दुपारच्या बसने, एकटीच. मुलाची आई म्हणून येत नाही, तेव्हा पायांवर पाणी नको आणि ते हिरवं लुगडं स्वप्नालीला द्या. आठ-पंधरा दिवस राहीन. हे म्हणतात, लोक हसतील, मुलाच्या आईने कधी सुनेच्या माहेरी मुक्काम ठोकलाय का? हसू देत. मला टॉवेल धरायला शिकवा. तो पडला की न वाकता शेजारी कसं बसायचं, तेही. मला जमेल असं वाटत नाही, तरी शिकवा. आणि त्यानंतरही मी येत राहीन, निरोप न पाठवता. आधीच सांगून ठेवते.

मी दारात आले की तो उड्या मारेल, म्हणून आधी त्याला जाळीत घ्या आणि वरून हात ठेवून धरा. तुम्हीच धरा. तुमचं ऐकतो.

माझं अंथरूण तुमच्या खोलीत खाली घालू नका, मला उठता येत नाही. खाट द्या. तुमची खाट आणि माझी, मध्ये त्याची जाळी. रात्री तो कोणाच्या बाजूला तोंड करून झोपतो, ते आपण दोघी बघणार, खोटं कशाला बोला. तुमच्या बाजूला केलं तर गप्प पडून राहा, मला झोप लागली असं समजा. माझ्या बाजूला केलं तर मीही गप्प राहीन. तेवढं मन मी मोठं करेन, पण त्यापुढचं माझ्याकडून होणार नाही.

येतेच.

अजून जळणारी,
तुमची महानंदा